सोयाबीन आले कुठून?

दसरा-दिवाळीच्या सुमारास लातूरच्या मोंढ्यात गेले, की जिकडेतिकडे सोयाबीनच्या राशी दिसतात. आजच्या तरुण शेतकऱ्याला वाटते, हे पीक पणजोबांपासूनचे असावे. तसे नाही. माझ्या लहानपणी आमच्या मराठवाड्यात खरीप म्हणजे ज्वारी, मूग, उडीद, तूर. सोयाबीनचे नावही कानावर नव्हते. ते आले कृषी विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावरून, आणि ते विद्यापीठ होते जबलपूरचे.

१९६४ साली जबलपूरला जवाहरलाल नेहरू कृषी विद्यापीठ स्थापन झाले. मध्य प्रदेशातल्या काळ्या जमिनीचे एक जुने दुखणे होते. पावसाळ्यात ती इतकी चिकट होते, की वापसा येत नाही आणि औत चालत नाही. म्हणून शेतकरी पावसाळाभर कितीतरी रान पडीक ठेवत आणि मुरलेल्या ओलीवर रब्बीत गहू-हरभरा घेत. पाऊस असताना शेत रिकामे! या रिकाम्या रानात काय घेता येईल, असा प्रश्न होता.

त्या काळात अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाचे शास्त्रज्ञ जबलपूर आणि पंतनगर इथे सहकार्य करीत होते. त्यांच्याबरोबर पिवळ्या सोयाबीनचे वाण आले. सोयाबीन आपल्या देशाला अगदीच परके नव्हते. हिमालयात 'भट' आणि मध्य भारतात 'कालीतूर' या नावांनी काळ्या दाण्याचे सोयाबीन पूर्वापार होते. पण त्याचा उतारा कमी. नव्या वाणांपैकी 'ब्रॅग' चाचण्यांत सरस ठरला. पीक साधारण शंभर-सव्वाशे दिवसांत निघे आणि मागे हरभऱ्याला रान मोकळे होई. मुळांवरच्या गाठींतले जीवाणू हवेतला नत्र पिकाला देतात, म्हणून बियाण्याला जीवाणूखत चोळून पेरायची रीतही शास्त्रज्ञांनी शिकवली.

पीक तर आले. ते खायचे कोणी? वास उग्र, आणि डाळीसारखे शिजतही नाही. ही अडचण तेलाच्या कारखान्यांनी सोडवली. तेल देशात खपले, पेंड परदेशी गेली. १९७०च्या सुमारास देशात सोयाबीन जेमतेम ३० हजार हेक्टरांवर होते. आज ते १ कोटी हेक्टरांहून अधिक आहे. १९९४ साली याच विद्यापीठाचा 'जेएस ३३५' हा वाण अधिसूचित झाला आणि महाराष्ट्रातही घरोघर पोचला. पुण्याची आघारकर संस्था आणि परभणीचे कृषी विद्यापीठ यांनीही आपले वाण दिले.

इथे एक फरक मला महत्त्वाचा वाटतो. माळव्यात सोयाबीन आले ते सुरुवातीला मुख्यतः पडीक रानात. आपल्याकडे खरिपाचे रान रिकामे नव्हते. इथे ते ज्वारीच्या, मुगाच्या, उडदाच्या जागी आले. ज्वारीबरोबर जनावरांचा कडबा गेला आणि घरची डाळ दुकानातून येऊ लागली. हातात रोख पैसा आला, हेही खरेच. म्हणून शेतकऱ्याला दोष देता येत नाही. पण सगळे घर एका भावावर उभे राहिले. ऑगस्ट २०२१मध्ये काही बाजारांत हा भाव क्विंटलला १० हजारांपुढे गेला. २०२४च्या हंगामात हमीभाव ४,८९२ रुपये असताना शेतकऱ्याला कित्येक ठिकाणी त्याहून कमी भावात माल घालावा लागला.

पर्यायी पीक म्हणून जे आले, त्यालाच आता पर्याय शोधायची वेळ आली आहे. जबलपूरच्या शास्त्रज्ञांनी आधी शेतकऱ्याची अडचण पाहिली आणि मग पीक निवडले. तोच क्रम आपणही धरायला हवा. सोयाबीनच्या चार ओळींमागे तुरीच्या दोन, ही आपल्याच विद्यापीठाची शिफारस आहे. एक साधले नाही तर दुसरे हाती लागते. शिवारफेरीला जाल तेव्हा नव्या वाणाची पिशवी जरूर आणा. पण आंतरपिकाच्या त्या तुकड्यापाशीही थोडे थांबा आणि तिथल्या माणसाला चार प्रश्न विचारा.