पाभर आणि ट्रॅक्टर

शेतीच्या इतिहासात नांगराला जेवढा मान मिळाला, तेवढा पाभरीच्या वाट्याला कधी आला नाही. नांगर बलरामाच्या खांद्यावर चढला, जनकराजाला सीता सापडली ती नांगराच्या तासात, आणि पुढे तो राजकीय पक्षांच्या निशाणांवरही मिरवला. पाभर मात्र पेरणीपुरती बाहेर निघावयाची, हळदकुंकू लावून घ्यावयाची आणि काम आटोपले की पुन्हा वळचणीला जावयाची. वास्तविक दख्खनच्या कोरडवाहू शेतीत खरे कसब पणाला लागते ते याच अवजारापाशी. नांगरट बिघडली तर कुळवाच्या दोन पाळ्या अधिक घालून सावरता येते. पेरणी बिघडली की हंगाम गेला.

शहरात वाढलेल्या वाचकांसाठी पाभरीची रचना थोडी सांगितली पाहिजे. एक जाड आडवे लाकूड, त्यात ठोकलेले फण, प्रत्येक फणामागे बसविलेली वेळूची पोकळ नळी, आणि या सर्व नळ्या वर जेथे एकत्र येतात तेथे लाकडी वाटीसारखे चाडे. दोन फणांची ती दुफण, तीन फणांची तिफण, चार फणांची चौफण. चाड्याच्या तळाशी जितके फण तितकी भोके असतात. मागून चालणारी बाई ओटीतले बी मुठीने चाड्यात सोडीत जाते. ही मूठ धरणे दिसावयास सोपे आहे. मूठ सैल झाली की बी दाट पडते, आवळली की तासात खंड पडतो. आणि धार एका भोकाकडे झुकली तर एक ओळ दाट व शेजारची मोकळी उगवते. शिवाय चालायचे ते बैलांच्या चालीने, ढेकळांतून, उन्हात. मुख्य पिकात तुरीसारखे दुसरे पीक घ्यावयाचे असेल तर दोरीने बांधलेली एक सुटी नळी मागून ओढीत न्यावयाची. तिला मोघण म्हणतात, आणि तिच्यावर दुसरी बाई. बी किती खोल पडावे हे जू पुढेमागे बांधून आणि रुमण्यावर हात कमीजास्त दाबून ठरते. रब्बीची ज्वारी ओल गाठण्यासाठी खोल, बाजरी वरचेवर. पुढे त्याच अंतराच्या कोळप्याने दोन ओळींमधले तण काढता येते. पेरणी ओळीत करावयाची ती मुख्यतः एवढ्यासाठी.

आता शाळेत आपण काय शिकलो? पेरणीयंत्राचा जनक जेथ्रो टल. टल हे वकिलीचे शिक्षण घेतलेले इंग्रज गृहस्थ. सांगितल्याप्रमाणे बी पेरावयास मजूर तयार होईनात, तेव्हा माणसांवाचून हे काम करणारे यंत्र त्यांनी 1701 च्या सुमारास जुळविले; त्याची कल्पना त्यांना ऑर्गन या वाद्याच्या रचनेवरून सुचली. पुढे 1731 मध्ये त्यांनी आपले मत ग्रंथरूपाने मांडले. ओळीत पेरा, ओळींमधील जमीन घोड्याच्या कोळप्याने सतत हलती ठेवा, हा त्याचा सारांश. आपल्याकडील कोणत्याही कुणब्याला हे ऐकून नवल वाटले नसते. नवल वाटले ते दक्षिण हिंदुस्थानातील कॅप्टन थॉमस हॉलकॉट या इंग्रज अधिकाऱ्यास. पाभर ही युरोपातील नवी युक्ती, अशी त्यांची समजूत होती. 1795 च्या सुमारास घोड्यावरून जाताना त्यांनी शेतात एक साधी पाभर चाललेली पाहिली, चौकशी केली, आणि ती तेथे न आठवणाऱ्या काळापासून सर्रास वापरात असल्याचे विलायतेतील शेतकी मंडळास कळविले. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी सरकारने धाडलेल्या डॉ. व्होल्कर यांनीही 1893 च्या अहवालात येथील शेतकरी मागासलेला असल्याच्या समजुतीला बरेच धक्के दिले.

मात्र येथे हुरळून जाण्याचे कारण नाही. सारे शोध आमच्याच पूर्वजांनी लावले अशी आरोळी ठोकणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की बाबिलोनच्या प्राचीन मुद्रांवर नळीचा नांगर कोरलेला आहे, आणि चीनमध्ये हान राजवटीतच तीन फणांची पाभर होती. दुसरे असे की टल यांच्या यंत्रात एक गोष्ट होती जी आपल्या तिफणीत नव्हती. बी मोजण्याचे काम त्यांनी हाताकडून काढून चाकाकडे दिले. चाक फिरेल तसे बी पडेल. मूठ कोणाची, ती निष्णात की नवखी, हा प्रश्नच उरला नाही. आमच्या मते पेरणीच्या इतिहासातला खरा सांधा हाच आहे. ट्रॅक्टर आल्यावर जे घडले त्याचे मूळही येथेच सापडते.

ट्रॅक्टर आपल्याकडे पेरण्यासाठी आलाच नाही. तो आला जमीन फोडण्यासाठी. दुसरे महायुद्ध संपल्यावर अमेरिकन लष्कराचे उरलेले ट्रॅक्टर सरकारने घेतले आणि 1947 मध्ये केंद्रीय ट्रॅक्टर संघटना उभी राहिली. 1949 मध्ये जागतिक बँकेने याच कामासाठी एक कोटी डॉलरचे कर्ज दिले. साखळीपट्ट्यांची ती अजस्र यंत्रे मध्य भारतात कांस गवताने बळकावलेल्या जमिनी खोल नांगरीत हिंडली. 1951 मध्ये साऱ्या देशात ट्रॅक्टर होते अवघे साडेआठ हजारांच्या आसपास. फरिदाबादेत आयशरचा देशी बनावटीचा पहिला ट्रॅक्टर निघाला तो 1959 मध्ये. महाराष्ट्रातही हरळी-कुंदा माजलेली काळी रान भाड्याच्या ट्रॅक्टरने उलथून घ्यावयाची, आणि मृग बरसला की पेरणीला बैलच जुंपावयाचे, ही रीत पुढे कित्येक वर्षे टिकली. यात जुन्याचा हट्ट नव्हता. लोखंडी नांगराने जमीन विषारी होईल असे म्हणणाऱ्या शेतकऱ्यांनीच पुढे 1903 पासून निघू लागलेला किर्लोस्करांचा नांगर डोक्यावर घेतला होता. नांगराच्या बाबतीत नवे अवजार उघडच सरस होते. पाभरीच्या बाबतीत ते तसे नव्हते.

का नव्हते, हे काळ्या जमिनीत उतरल्यावाचून समजत नाही. ट्रॅक्टरमागच्या पेरणीयंत्रात बियांची पेटी असते. तिच्या तळाशी खाचांचे रोळ, आणि ते फिरविणारे चाक जमिनीवरून लोळत जाते. वाफसा नीट असला तर हे यंत्र तासाला एक-दीड एकर सहज उरकते. बैलांच्या तिफणीला तेवढ्याला निम्मा दिवस लागे. पण ओल थोडी जास्त असली की चाकाला चिखल चिकटतो, ते फिरण्याऐवजी घसरते, आणि बी पडणे थांबते. फणाच्या तोंडाशी माती बसली की नळी चोंदते. तिफणीमागची बाई पेरीत असलेल्या ओळीवरूनच चालत असे. चाड्यातले बी खाली उतरेना की तिच्या ध्यानात येई आणि ती बैल थांबवी. ट्रॅक्टरवाल्याचे तोंड पुढे आणि पेरणी मागे. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. इंजिनाच्या आवाजात नळी चोंदल्याचे कळणार कसे? ते कळते आठ-दहा दिवसांनी, उगवणीत ओळच्या ओळ रिकामी दिसते तेव्हा. सोयाबीन आल्यापासून तर हे दुखणे वाढले. त्याचे बी नाजूक, दीड-दोन इंचांपेक्षा खोल गेले तर वर येत नाही, आणि विकत घ्यावे तर दुबार पेरणी कंबरडे मोडते.

शेतकऱ्यांनी यावर आपल्यापरीने तोड काढली, आणि ती आम्हांस पुस्तकी सुधारणांहून मोलाची वाटते. अनेक गावांत ट्रॅक्टरला जोडलेल्या पाभरीवर फळी बसविली, फळीवर बायका बसविल्या, आणि त्यांनी पूर्वीसारखेच चाड्यात मुठीने बी सोडले. ओढ इंजिनाची, मूठ माणसाची. उलट तज्ज्ञांनी घडविलेल्या एका अवजाराची गत पाहण्यासारखी आहे. हैदराबादजवळच्या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेने, म्हणजे इक्रिसॅटने, पेरणीसह अनेक कामे करणारी बैलांची चाकी गाडी प्रसारात आणण्याची पुष्कळ खटपट केली. यंत्र म्हणून ती उत्तम होती. परंतु किंमत गावठी अवजारांच्या कितीतरी पट, म्हणून शेतकऱ्यांनी ती घेतली नाही. पॉल स्टार्की यांनी 1988 मध्ये अशा गाड्यांवर पुस्तक लिहिले, त्याच्या नावाचाच भावार्थ ‘परिपूर्ण झाली, तरी नाकारली गेली’ असा आहे.

शेवटी प्रश्न शेताच्या आकारापाशी येतो. डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाचा अभ्यास 1917 मध्ये प्रसिद्ध केला. तेथे 1771 साली खातेदाराची सरासरी जमीन 40 एकर होती, ती 1915 च्या सुमारास 7 एकरांवर आली होती. (त्या शिवारात आज उंच इमारती आहेत, तेथे पाभर शोधू नये.) साऱ्या महाराष्ट्राची सरासरी कृषिगणनेनुसार 1970-71 मध्ये 4.28 हेक्टर होती, 2015-16 मध्ये 1.34 हेक्टर. म्हणजे यंत्र वाढत गेले आणि रान आखडत गेले. एवढ्याशा तुकड्यासाठी ट्रॅक्टर घेणे परवडत नाही, आणि बैलजोडी वर्षभर पोसणेही परवडत नाही. बैल होते तेव्हा सगळे आलबेल होते असे आम्ही म्हणणार नाही. एकच बैल असलेला गरीब शेजाऱ्याशी सावड करी आणि बहुधा शेवटी पेरी. आता सावडीच्या जागी भाडे आले, एवढाच फरक. पाऊस उघडतो, दोन दिवसांनी जमीन वाफशावर येते, आणि सगळ्या गावाला ट्रॅक्टर हवा असतो तो त्याच सकाळी. दहा एकरांच्या सलग रानात यंत्र आधी जाते, कारण तेथे वळणे कमी आणि डिझेल कमी लागते. तीन एकरवाला बांधावर उभा राहून मातीची मूठ वळून पाहतो, ती अजून वळते का, की कोरडी पडून फुटू लागली. आणि भाड्याच्या माणसाला पुन्हा फोन लावतो.