बहिणाबाईंचे दृष्टान्त : वय आणि संज्ञा

कुही तालुक्यात वैनगंगेच्या काठी असलेले आंभोरा हे मुकुंदराजांच्या विवेकसिंधूचे रचनास्थान होय, अशी विदर्भातील परंपरा आहे. (अंबेजोगाईचा पक्षही तितकाच आग्रही आहे, त्या वादाचे येथे प्रयोजन नाही.) शके १११० चा मानला जाणारा हा ग्रंथ जागृती, स्वप्न व सुषुप्ती या अवस्थांचे विवेचन करतो. परंतु पाहणारा बालक आहे की वृद्ध, हा प्रश्न अशा तात्त्विक मीमांसेत उद्भवत नाही. त्यासाठी चरित्राकडे वळावे लागते, आणि शिऊरच्या संत बहिणाबाईंचे (१६२८–१७००) आत्मनिवेदनपर अभंग हे त्याचे मोलाचे साधन आहे.

कोल्हापूरच्या वास्तव्यात, अल्पवयातच, जयरामस्वामींची कीर्तने त्यांच्या कानी पडत होती. लळा लागलेले वासरू मेले तेव्हा त्या बेशुद्ध झाल्या. पुढे तुकारामांनी दर्शन देऊन मंत्र दिला, असे त्या सांगतात. तुकारामांना त्यांनी तोवर पाहिले नव्हते, केवळ त्यांचे अभंग ऐकले होते. दृष्टान्ताचे द्रव्य श्रवणातून आले, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. पतीला मात्र हा अनुग्रह मान्य नव्हता. ब्राह्मण स्त्रीने शूद्र मानलेल्या पुरुषास गुरू करावे, हेच त्यांना असह्य होते. स्वतःच्या आजारानंतर त्यांचा विरोध मावळला व कुटुंब देहूस गेले.

१७०० साली मृत्यू समीप आला असता बहिणाबाईंनी पुत्र विठोबा यास आपल्या पूर्वीच्या बारा जन्मांची हकीकत कथन केली. तरुणपणी कोणी बाहेरून येऊन बोलतो. अखेरीस स्वतःचेच गतजन्म आठवतात. दर्शनाची जागा स्मृतीने घेतली.

बालवयात ऐकू येणारे आवाज पुष्कळदा आपोआप थांबतात, आणि वार्धक्यात मंदावलेल्या दृष्टीला आकृती दिसू लागतात, हे मानसशास्त्रास ज्ञात आहे. शार्ल बोने याने १७६० साली आपल्या आजोबांविषयी अशीच नोंद केली होती. तथापि बहिणाबाईंवर निदान लादणे इतिहासाच्या शिस्तीत बसत नाही. भास, भ्रम, दृष्टान्त, साक्षात्कार यांपैकी कोणता शब्द लागावा हे बहुधा ऐकणारेच ठरवतात. शिष्यपरिवार नसलेल्या एखाद्या वृद्धेने असेच काही सांगितले असते, तर लोकांनी त्यास म्हातारचळ म्हटले असते.

शिवाय कोल्हापूरचा प्रसंगही घटनेच्या वेळच्या शब्दांत आपल्यापर्यंत आलेला नाही. तो नंतरच्या रचनेतून येतो. त्या मुलीने काय पाहिले आणि पुढे कवयित्रीने त्यास कोणते नाव दिले, यांतील अंतर केवळ अभंगांवरून मोजता येत नाही.