एपवर्थची रेक्टरी : आगीनंतर उभा राहिलेला धर्मगुरुनिवास

रेक्टरी म्हणजे रेक्टरचे निवासस्थान. जुन्या इंग्लंडमध्ये धर्मग्रामाचा संपूर्ण दशांश ज्या धर्मगुरूला मिळे, तो रेक्टर. त्यातील काही भागच ज्याला मिळे, तो व्हिकर. रेक्टरचे उत्पन्न मोठे, तशी जबाबदारीही मोठी. निवासस्थानाची देखभाल त्याला स्वखर्चाने करावी लागे. ही जबाबदारी किती जड होऊ शकते, हे लिंकनशायरमधील एपवर्थच्या अँग्लिकन रेक्टरीच्या इतिहासावरून आपल्या ध्यानी येते.

येथील मूळ घराचे वर्णन १६०७ सालच्या नोंदीत आढळते. पाच खणांचे व तीन मजल्यांचे हे घर लाकडी सांगाड्याचे असून भिंती गिलाव्याच्या व छप्पर गवताचे होते. स्वयंपाकघर, दिवाणखाना, बैठकीची खोली, कोठार आणि वरच्या तीन मोठ्या खोल्या अशी सात मुख्य दालने त्यात होती. फेब्रुवारी १७०९ मध्ये एका रात्री हे घर आगीत भस्मसात झाले. रेक्टर सॅम्युएल वेस्ली यांचा पाच वर्षांचा मुलगा जॉन वरच्या मजल्यावर अडकला. जिना पेटला होता आणि शिडी आणण्यास वेळ नव्हता. तेव्हा एका माणसाच्या खांद्यावर दुसरा उभा राहिला व त्याने खिडकीतून मुलाला बाहेर काढले. लगेच छप्पर कोसळले. जखऱ्या संदेष्ट्याच्या ग्रंथातील आगीतून काढलेल्या कोलिताची प्रतिमा जॉन पुढे स्वतःसाठी वापरीत.

नवे घर सॅम्युएल यांनी वर्षभराच्या आत बांधले, तेही विटांचे. राणी ॲन हिच्या काळातील शैलीची ही वास्तू साधी व भारदस्त आहे. लाल विटांच्या भिंती, ओळीने बसविलेल्या उभ्या खिडक्या, बेताची सजावट आणि वर माळा, असे तिचे रूप आहे. मात्र ऋणाचा भार सॅम्युएल यांच्यावर आधीपासूनच होता. १७०५ साली कर्जापायी त्यांना लिंकनच्या तुरुंगात जावे लागले होते. घर उभे राहून बारा-तेरा वर्षे लोटली, तरी त्यात अर्धेही सामान आलेले नाही, असे त्यांच्या पत्नी सुझाना यांनी १७२२ साली आपल्या भावाला कळविले.

तरीही याच घराच्या स्वयंपाकघरात १७१२ च्या सुमारास पती लंडनला असताना सुझाना रविवारी सायंकाळी मुलांसाठी प्रार्थना घेत. हळूहळू शेजारीही येऊ लागले. एकदा दोनशेहून अधिक माणसे जमली आणि उभे राहण्यासही जागा न मिळाल्याने कित्येकांना परतावे लागले. या घरात वाढलेल्या जॉन व चार्ल्स या बंधूंनी पुढे मेथडिस्ट चळवळ उभारली. चार्ल्स यांची नाताळची गीते आज कॅथलिक मंदिरांतही गायिली जातात.

१९५४ साली जागतिक मेथडिस्ट परिषदेने ही वास्तू घेतली आणि दुरुस्तीनंतर १९५७ मध्ये ती संग्रहालय म्हणून खुली केली. भिंती आगीपासून वाचाव्यात म्हणून विटांच्या बांधल्या गेल्या. परंतु आम्हांला या घरात सर्वांत मोलाचे वाटते ते लोकांना अपुरे पडलेले ते स्वयंपाकघर.