खंड्याची जहागीर

सातारा शहराच्या पूर्वेस, कृष्णा आणि वेण्णा यांच्या संगमावर वसलेल्या माहुली क्षेत्री जिथे छत्रपती शाहू महाराजांची समाधी आहे, तिथेच जवळ एका कुत्र्याचीही समाधी दाखविली जाते. लोकपरंपरेने त्याचे नाव खंड्या असे जपले आहे. वाघाच्या शिकारीत त्याने धन्याचे प्राण वाचविले, ही त्याची ख्याती.

हा प्रकार निव्वळ दंतकथेत जमा करता येत नाही. १८१८ नंतर काही वर्षे साताऱ्यास इंग्रजांचा प्रतिनिधी म्हणून राहिलेल्या ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या मराठ्यांच्या बखरीत असे नमूद केले आहे की, उत्तर वयात बुद्धिभ्रम झाला असता एका सरदाराच्या भेटीच्या प्रसंगी महाराजांनी भर दरबारात या कुत्र्यास जरीची वस्त्रे नेसवून, रत्नालंकार घालून, स्वतःच्या मस्तकावरील पागोटे उतरवून त्याच्या डोक्यावर ठेवले, आणि पुढे चित्त ठिकाणावर आल्यावरही आपल्या मस्तकावर पुन्हा काही धारण केले नाही. कुत्र्यास जहागिरीच्या सनदा मिळाल्या, पालखीचा मान मिळाला. दरबारी मंडळींनीही राजाची मर्जी राखून पालखीचा सगळा सरंजाम चालू ठेवला.

डफसाहेब हे सारे राजाच्या चाळ्यांत मोजतात. दरबारातील त्या वेषभूषेपुरते त्यांचे म्हणणे मान्य करण्यास हरकत नाही, कारण जरीच्या भाराखाली धापा टाकणाऱ्या त्या मुक्या जनावराला मानापेक्षा उकाडाच अधिक जाणवला असेल, आणि पालखीत बसण्यापेक्षा धन्याच्या पायाशी अंग टाकणे त्याला केव्हाही प्रिय वाटले असते. परंतु सनदेची गोष्ट निराळी. ज्याने रणात देह ठेवला त्याच्या पोराबाळांची तरतूद इनाम जमिनीने करावी, हा त्या राज्याचा रिवाजच होता. धन्याची लहर फिरली, मुदपाकखान्यातला नोकर कुचराई करू लागला, किंवा धनीच उद्या इहलोक सोडून गेला, तरी आश्रिताच्या घासाला बाध येऊ नये, एवढ्यासाठीच तर कृतज्ञता कागदावर उतरवून तिच्यावर शिक्का उठवावयाचा. कुरवाळणारा हात कोणत्याही श्वानास लाभू शकतो. ज्याच्या पोटाची हमी सरकारी दप्तरात नोंदली गेली, असा श्वान विरळा.

आणि परस्वाधीन जिण्याची जाण या राजाहून अधिक कोणाला असणार? १६८९ मध्ये रायगड पडला तेव्हा सात वर्षांचे हे मूल मोगलांच्या कैदेत गेले, ते औरंगजेबाच्या मृत्यूनंतर १७०७ मध्येच सुटले. बादशहाच्या छावणीत त्याचा इतमाम राखला जाई हे खरे. पण तो दुसऱ्याच्या मर्जीवर चाले, आणि तशा इतमामाची किंमत अशा माणसाने आयुष्यभर विसरू नये, यात नवल नाही.

शाहू महाराज १५ डिसेंबर १७४९ रोजी साताऱ्यास निवर्तले. पोटी पुत्र नव्हता. ताराबाईंचा नातू रामराजा यास गादीवर बसवावे की अन्य कोणास, या वादाने त्यांचे अखेरचे दुखणे ग्रासून टाकले, आणि राज्यकारभारासंबंधीच्या आज्ञा पेशव्यांच्या नावे लिहून झाल्या त्या मृत्यू उंबरठ्यावर आल्यानंतर. कुत्र्याची व्यवस्था मात्र त्यांनी हयातीतच, पुष्कळ आधी, लावून टाकली होती.