‘२२ जून १८९७’ आणि पुण्याचा प्लेग

नचिकेत व जयू पटवर्धन यांचा ‘२२ जून १८९७’ हा १९७९ सालचा मराठी चित्रपट चाफेकर बंधूंच्या कृत्यावर रचिलेला आहे. ओढूनताणून वीररस न आणतां तत्कालीन पुणें उभें करण्याचा त्यांतील प्रयत्न स्तुत्य आहे. तथापि साथीच्या इतिहासाचें साधन म्हणून त्याकडे पाहतां प्रथम त्याच्या नांवांतील तारखेचाच विचार करणें प्राप्त होतें.

मुंबईंत मांडवी भागांत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनीं सप्टेंबर १८९६ मध्यें प्लेग ओळखिला. ता. ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं साथीच्या रोगांचा कायदा झाला व त्याच महिन्यांत रँड पुण्यास प्लेग कमिटीचा अध्यक्ष म्हणून आला. १३ मार्चपासून गोरे शिपाई घरोघर झडत्या घेऊं लागले. देवघर पाहिलें नाहीं, माजघर पाहिलें नाहीं. रोग्यास इस्पितळांत आणि घरच्या माणसांस छावणींत नेलें. बायकांच्या विटंबनेच्या तक्रारी याच काळांतील होत. मे महिन्यांत साथ ओसरली व झडत्याही थांबल्या. म्हणजे हीरकमहोत्सवाच्या रात्रीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर गोळ्या सुटल्या, तेव्हां झडत्या बंद होऊन महिना लोटला होता! आयर्स्ट तत्काळ मेला. रँड ३ जुलै रोजीं.

शिवाय दामोदरपंतांचा इंग्रजद्वेष प्लेगपासून सुरू झाला असेंही नव्हे. मुंबईंतील व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्यास डांबर फासल्याचें त्यांनीं कैदेंत लिहिलेल्या आत्मवृत्तांत नमूद आहे, आणि ती गोष्ट १८९६ ची.

इकडे त्याच वर्षीं पावसाळ्यानंतर साथ पुन्हां उसळली, व ती पहिलीहून घातक ठरली. शिपाई माणसें धुंडीत होते. उंदरावरील पिसू हा रोग पसरविते हें सिमाँ यानें कराचीस १८९८ सालीं दाखविलें. रँडास तें ठाऊक नव्हतें, चाफेकरांसही नव्हतें.

मारणाऱ्याचें आत्मवृत्त उरलें, सरकारचे अहवाल उरले. छावणींत मेलेल्यांचें स्वतःचें असें फारच थोडें उरलें, व चित्रपटकारास साधनांच्या मागून जावें लागतें हें आम्ही जाणतों. परंतु सावित्रीबाई फुले रोग्यांची शुश्रूषा करतांना प्लेगनेंच वारल्या, त्या १० मार्च १८९७ रोजीं. झडत्यांस तेव्हां तीन दिवस अवकाश होता. पुण्याच्या साथीवर पुनः कोणी चित्रपट काढील, तर त्यानें ह्या तारखेपासून प्रारंभ करावा असें आम्हांस वाटतें.