प्रवासी अतिसारातील जंतूंचा औषधरोध

दूषित अन्न वा पाणी पोटात गेल्याने परदेशी प्रवाशांना जो तीव्र अतिसार होतो, त्यास प्रवासी अतिसार म्हणतात. विषजनक एश्चेरिकिया कोलाय, शिगेला, कँपिलोबॅक्टर व साल्मोनेला हे सूक्ष्मजंतू त्याची प्रमुख कारणे होत. हा विकार बहुधा थोड्याच दिवसांत आपोआप बरा होतो. परंतु त्यावर योजलेली प्रतिजैव औषधे एकामागून एक निष्प्रभ होत गेली.

या औषधरोधाचे स्वरूप प्रथम जपानमध्ये उलगडले. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथे आमांशावर सल्फा औषधांचा सर्रास वापर झाला व १९५२ च्या सुमारास शिगेलाच्या बहुसंख्य वाणांवर ती चालेनाशी झाली. मग स्ट्रेप्टोमायसीन, टेट्रासायक्लीन व क्लोरँफिनिकॉल वापरात आली. १९५५ मध्ये हाँगकाँगहून परतलेल्या एका रुग्णात या चारही औषधांना दाद न देणारा शिगेला आढळला. एकाच जंतूत चार स्वतंत्र उत्परिवर्तने एकदम घडणे जवळजवळ अशक्य होते. १९५९ मध्ये तोमोइचिरो आकिबा व कुनितारो ओचिआइ यांच्या प्रयोगांतून असे दिसले की, औषधरोधी ए. कोलाय व शिगेला एकत्र वाढविल्यास हा गुण एका जातीतून दुसरीत जातो. त्याचे वाहक म्हणजे रंगसूत्राबाहेरील डीएनएची वलये (प्लाझ्मिडे) होत. अर्थात आतड्यातील निरुपद्रवी जंतूही रोगजंतूस औषधरोध पुरवू शकतात.

प्रवासी अतिसाराची कारणे यानंतर स्पष्ट झाली. एडन येथे गेलेल्या ब्रिटिश सैनिकांच्या अतिसारात ए. कोलायचा एक विशिष्ट वाण आढळल्याचे १९७० मध्ये प्रसिद्ध झाले. १९७८ मध्ये केनियातील अमेरिकन स्वयंसेवकांवरील प्रयोगात रोज डॉक्सिसायक्लीन घेतल्याने अतिसार बराच टळल्याचे दिसले. मात्र अनेक देशांतील जंतू टेट्रासायक्लीन गटास आधीच रोधी बनले होते. शिवाय निरोगी प्रवाशांनी सरसकट औषध घेतल्यास रोध वाढण्याची भीती होती; म्हणून १९८५ मध्ये अमेरिकेतील तज्ज्ञ परिषदेने अशा प्रतिबंधक वापराची शिफारस केली नाही.

पुढे सिप्रोफ्लॉक्सासीन हे खात्रीचे औषध मानले गेले. कँपिलोबॅक्टरमध्ये मात्र एका जीनातील एकच बदल त्यास निष्फळ करू शकतो. थायलंडमध्ये १९९१ पूर्वी सिप्रोफ्लॉक्सासीनरोधी कँपिलोबॅक्टर आढळत नव्हते; १९९५ मध्ये त्यांचे प्रमाण ८४ टक्के झाले. कुक्कुटपालनातील याच गटाच्या औषधांचा वापरही अशा रोधास कारणीभूत ठरतो. त्यामुळे आग्नेय आशियात ॲझिथ्रोमायसीनकडे वळावे लागले.

औषधरोधी जंतू प्रवाशाबरोबर मायदेशीही जातात. फिनलंडमधील ४३० प्रवाशांच्या पाहणीत (२०१५) अतिसार न झालेल्यांपैकी ११ टक्के, अतिसार होऊनही प्रतिजैव न घेतलेल्यांपैकी २१ टक्के, तर प्रतिजैव घेतलेल्यांपैकी ३७ टक्के प्रवाशांच्या आतड्यांत व्यापक औषधरोधी जंतू वसल्याचे आढळले. औषधाने नेहमीचे जंतू नष्ट होऊन रोधी जंतूंस वाव मिळतो, हे त्याचे कारण होय. असा प्रवासी निरोगी दिसला, तरी हे जंतू त्याच्या कुटुंबात पसरू शकतात.

म्हणूनच २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मार्गदर्शक सूचनांत सौम्य अतिसारासाठी प्रतिजैव औषधे वर्ज्य मानली आहेत. अशा वेळी शरीरातील पाणी व क्षार भरून काढणे पुरेसे असते. तीव्र ताप, रक्तमिश्रित शौच अशा गंभीर अवस्थेत ही औषधे आवश्यक ठरतात. त्या प्रसंगी ती गुणकारी राहावीत, यासाठी एरवीचा संयम अगत्याचा आहे.