फायरवॉलची वही : बर्कलेचे ७५ सेंट ते पुण्याचे ९४ कोटी

ढाणकीच्या बाजारात तुम्ही क्यूआर कोड स्कॅन करून चहाचे दहा रुपये देता, तेव्हा तो व्यवहार कुठल्या कुठल्या सर्व्हरवरून फिरून येतो. वाटेतल्या फाटकांवर, म्हणजे फायरवॉलवर, एक वही लिहिली जाते: किती वाजता आलं, कुठून आलं, आत सोडलं की अडवलं. ही वही लिहिणारा प्रोग्राम मागे गुपचूप चालू असतो. आज त्याचीच गोष्ट.

१९८०च्या दशकात बर्कले विद्यापीठात एरिक ऑलमन यांनी ‘सिसलॉग’ लिहिलं, तेही मुळात आपल्या सेंडमेल या ईमेल प्रोग्रामसाठी. पुढे सगळ्या युनिक्स जगाने तेच उचललं.

१९८६मध्ये बर्कलेच्याच लॉरेन्स प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टोल यांना हिशेबात ७५ सेंटचा फरक दिसला. शोधता शोधता कळलं, बाहेरचा कुणीतरी आत शिरतोय. घुसखोर कॉम्प्युटरमधली नोंद पुसू शकतो, म्हणून स्टोल यांनी येणाऱ्या लाइनींना थेट प्रिंटर जोडले. कागदावरचं चोराला दिसेना, पुसताही येईना. माग निघाला पश्चिम जर्मनीत. माहिती विकली जात होती सोव्हिएत केजीबीला!

आता पुण्यात या. कॉसमॉस बँक, स्थापना १९०६. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून सुमारे ७८ कोटी आणि भारतात अडीच कोटी निघाले. १३ तारखेला स्विफ्टमधून आणखी १३.९२ कोटी हाँगकाँगला गेले. एकूण ९४.४२ कोटी. चोरांनी मध्येच एक खोटा स्विच बसवला होता. ‘पैसे द्या’ हा होकार तोच देत होता. बँकेच्या मुख्य सिस्टिमपर्यंत विचारणा पोचतच नव्हती. म्हणजे मुख्य वही कोरी, आणि पैसा मात्र बाहेर!

म्हणून एकाच वहीवर विसंबायचं नाही. वाटेवरची नोंद वेगळ्या मशीनवर ठेवायची आणि दोन्ही ताडून बघायच्या. २८ एप्रिल २०२२च्या सर्ट-इनच्या आदेशानुसार आता संस्थांना लॉग १८० दिवस जपावे लागतात, आणि सायबर हल्ला लक्षात आला की सहा तासांत कळवावं लागतं.

आणि हो, विंडोजच्या फायरवॉलमध्ये ही नोंद मुळात बंदच असते. तुमच्या दुकानात, सेतू केंद्रात कॉम्प्युटर असेल, तर आजच सुरू करा. चोरी झाल्यावर उघडलेली वही मागचं काही सांगत नाही.

भेटूया पुढच्या भागात!